ओळखीची दारे

दिल्लीहून उत्तरेला निघालेली गाडी मुरथलला थांबतेच. लोण्याचा पांढरा गोळा विरघळलेला पराठा पोटात गेला की पुढचे धुके सोसवते. हा राष्ट्रीय महामार्ग 44, म्हणजे जुना जीटी रोड. जानेवारीत दोन्ही अंगांना मोहरी फुललेली असते, उसाच्या ट्रॉल्या कडेकडेने डुलत चाललेल्या असतात आणि मधेच एखादा मुघलकाळचा कोस मिनार दिसतो. कोसाकोसावर वाटसरूसाठी खूण उभारावी, असे तेव्हाच्या राज्यकर्त्यांना वाटले, याचे मला अजून अप्रूप आहे.

आमच्या कॅराव्हॅनमध्ये बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी असे सारे घरच असते. जुन्या मित्रांना भेटावे, पण त्यांच्या घराला आपला भार होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. हरियाणात तो हेतू पहिल्याच फाटकाशी अडतो. समालख्याच्या मित्राने गाडी अंगणात घेतली, आतली मांडणी हौसेने पाहिली आणि सांगून टाकले, "गाडी इथे झोपेल, तुम्ही आत." बैठकीत खाटा मांडलेल्या, वर जाड रजया, हुक्क्याभोवती शेजारचे ताऊ. त्याच्या आईने माझ्या बायकोला "आ जा बेटी" म्हणत थेट चुलीपाशी नेले, आणि मग गाजराचा हलवा, बाजरीची खिचडी, वर तुपाची धार. आमची शेगडी त्या मुक्कामात पेटलीच नाही.

पुढे पानिपत. घोंगड्या-सतरंज्यांचे आणि पचरंगा लोणच्याचे गाव. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी इथे पुन्हा संसार मांडले. हातमागाच्या कापडाचा व्यापार करणारा आमचा मित्र त्यांच्यापैकीच एका घरातला. मराठी पाहुणा आला की तो आधी पानिपतच्या लढाईची जागा मानल्या जाणाऱ्या काला आंबला नेतो, चहापाणी मागाहून. तिथला तो आंबा केव्हाच सुकला. त्याच्या लाकडाची नक्षीदार दारे करवून घेतली होती, असे इथले लोक सांगतात.

त्या लढाईतले मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब. आमच्या गाडीसारखाच त्यांचा तळही बायकामुले आणि यात्रेकरू यांना घेऊन चाललेला होता. ऑक्टोबर 1760 मध्ये कुंजपुरा घेतला, कुरुक्षेत्राच्या वाटेला लागले आणि तेवढ्यात अफगाणांचा बादशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरल्याची बातमी आली. दिल्लीची वाट तुटली. नोव्हेंबरपासून पानिपतला अडकून पडले. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि 14 जानेवारी 1761 ला लढाईला उभी राहिली ती उपाशी माणसे. युद्धाच्या डावपेचांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे उभे राहिल्यावर दुसरेच खुपते. मराठी फौजा इतकी वर्षे उत्तरेत फिरल्या, तरी अडीअडचणीला धान्याची पोती घेऊन धावून येईल असे घर या मुलखात जवळजवळ उरले नव्हते. चौथाई-खंडणीने माणसे दुखावली होती. भरतपूरचा सूरजमल जाटही दुरावून आधीच निघून गेला होता.

तरी दार उघडले ते त्यानेच. पराभवानंतर जीव घेऊन पळणाऱ्यांना त्याच्या मुलखात अन्न, वस्त्र आणि निवारा मिळाला, जखमींवर उपचार झाले. पानिपतचा शोक आपण मराठी घरांत पिढ्यानपिढ्या जपला. सूरजमलचे नाव तेवढ्याच आदराने मुलांना सांगायला हवे.

आणि काहीजण परतलेच नाहीत, इथलेच झाले, अशीही आठवण आहे. पानिपत, कर्नाल, कैथल, कुरुक्षेत्र या भागातल्या रोड समाजातले अनेकजण स्वतःला त्या मराठ्यांचे वंशज मानतात. घरौंड्याजवळच्या एका गावात ओसरीवर बसलो असताना एक आजोबा मला निरखत म्हणाले, "तू तो अपने घर आया है." पुरावे-दाखले इतिहासकारांनी तपासावेत. परक्या मुलखात एखाद्या म्हाताऱ्याने असे म्हणावे आणि तांब्याभर ताक पुढे करावे, तेव्हा मी तरी ते मान खाली घालून घेतो.

कर्नालला राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत नोकरी करून निवृत्त झालेला मित्र आहे. त्याच्याकडे म्हशींच्या गोष्टींत रात्र सरली. सकाळी कुरुक्षेत्र गाठले. भाऊसाहेबांच्या तळावरच्या बायकांना जिथे स्नानाला यायचे होते, त्या तीर्थाच्या पाण्यात माझ्या बायकोने पाय बुडवले. बराच वेळ ती काही बोलली नाही. तेवढ्यात कैथलहून फोन: "अजून तिथेच? इथे चूल केव्हाची पेटली आहे. वाटेत काही खाऊ नका, सरळ घरी या."