तिवराचा श्वास

अरबी भाषेत ‘खोर’ म्हणजे खाडी. ओमानच्या आखातावरील खोर फक्कान बंदरापासून किनाऱ्याने दक्षिणेस निघाले म्हणजे फुजैरा ओलांडल्यावर खोर कल्बा लागते. उघडेबोडके डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये तेथे एक हिरवे बन उभे आहे. पोटासाठी खोर फक्कानला आलेला कोकणी माणूस ते पाहून थबकतो; कारण ते झाड त्याच्या गावच्या खाडीतले तिवर होय.

ओहोटी लागली की झाडाभोवती बोटाएवढ्या शेकडो मुळ्या चिखलातून वर डोकावू लागतात. मुळांनी खाली जावे ही सृष्टीची रीत. मग या वर का येतात? पाण्याने भरलेल्या गाळात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. त्याखालचे सूक्ष्म जीव समुद्रजलातील सल्फेटवर जगतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा, मुळांना मारक असा वायू निर्माण करतात.

वर आलेल्या मुळ्यांना बारीक छिद्रे असतात आणि आत स्पंजासारखी पोकळी. भरतीत छिद्रांतून पाणी आत शिरत नाही. आतला प्राणवायू खर्च होऊन दाब घटतो आणि पाणी उतरताच ताजी हवा आत ओढली जाते. शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली तिवराच्या अमेरिकेतील एका भाऊबंदावर हे दाखवून दिले.

परंतु ही सारी हवा मूळ स्वतःपाशी ठेवत नाही. कोवळ्या टोकांतून थोडा प्राणवायू भोवतालच्या गाळात झिरपतो. तेथील विषारी वायूचा जोर ओसरतो, लोहाला गंज चढून मुळाभोवती तांबूस थर धरतो आणि त्या काळ्या चिखलात जगण्याजोगी अरुंद जागा तयार होते.

हा व्यवहार नाजूक आहे. खोर फक्कानसमोरून तेलवाहू जहाजे जातात. सांडलेले तेल या मुळ्यांवर बसले तर छिद्रे बुजतात. कोकणात टाकलेला भरावही तेच करतो. पाने हिरवी दिसत असतानाच झाड गुदमरू लागते.

मॉरिशसच्या किनाऱ्यावर तिवर नाही; पण कोकणातले कांदळ तेथेही आहे, आणि तेही पाण्यावर उचललेल्या मुळांनी श्वास घेते. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गिरमिटावर येऊन उसाच्या शेतांतले दगड वेचून ढीग रचले, त्यांना मुळांची ही रीत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मूळ जेथे उतरते, तेथली माती ते आधी राहण्याजोगी करते.