खाचेतला सूर, आकड्यातला सूर

विसाव्या शतकाच्या मध्यास जन्मलेल्या मराठी संगीतश्रोत्याच्या बालपणी लाखेची, तीन-साडेतीन मिनिटांत संपणारी तबकडी होती, तारुण्यात मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एलपी आली, आणि १९८२ साली जगाच्या बाजारात उतरलेली सीडी त्याच्या घरी पोहोचली तेव्हा तो चाळिशीकडे झुकला होता. तोच गायक त्याने एलपी आणि सीडी या दोन्हींवर ऐकलेला असल्याने, सरस कोण, हा वाद त्याच्यापुरता निव्वळ तांत्रिक राहत नाही.

एलपीवर ध्वनिलहर खाचेच्या नागमोडी वळणांत कोरलेली असते, तर सीडीवर तिची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी करून आकडे नोंदलेले असतात. मोजणीमुळे मींड तुटते हा समज खरा नाही; मानवी कानाला ऐकू येणारी, सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतची लहर या आकड्यांवरून अखंड उभी राहते. उलट, मर्यादा आहे ती खाचेचीच. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर सरकते, पण लेबलाजवळ हा वेग निम्म्याहूनही कमी होतो, आणि मग तीच लहर आखूड जागेत कोंबावी लागते. अमीर खाँ यांच्या मारवा-दरबारीच्या एलपीसारखा एका बाजूस एक राग असला, की विलंबिताला प्रशस्त खाच मिळते आणि ताना दाट होऊ लागतात नेमक्या तेव्हाच टिपेचा स्वर किंचित फाटू लागतो. सीडीत शेवटची तानही पहिल्या आलापाइतकीच स्वच्छ राहते.

तरीही जाणते श्रोते एलपीकडे वळतात, आणि त्यांचे कान खोटे नाहीत. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या अनेक सीडी काढताना खरखर घालवण्याच्या भरात तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीच्या घासणीतून तारेला मिळणारी स्वरांशांची झळाळी, हीदेखील खरवडली गेली. हे दोनही ध्वनी वरच्या पट्ट्यातले, त्यामुळे यंत्राला त्यांत भेद करता आला नाही. हा दोष सीडीचा नसून ती तयार करणाऱ्या हातांचा आहे, आणि संगीताच्या दृष्टीने तो खरखरीपेक्षा कितीतरी गंभीर आहे.

म्हणून सीडी मिळाली या कारणास्तव घरातली एलपी रद्दीत देऊ नये. ती उभी ठेवावी, आडवी रचू नये, आणि सुई वेळेवर बदलावी.