रेडची बस

हॉस्टेलच्या टीव्हीवर 'द शॉशँक रिडेम्प्शन' अर्ध्याहून अधिक संपला होता. जेवण उरकून आलेले आम्ही आठ-दहा जण दारातच थबकलो आणि शेवटपर्यंत तसेच उभे राहिलो. मैलभर पसरलेली वाळू, जुनी होडी घासणारा अँडी आणि लांबून त्याच्याकडे चालत येणारा त्याचा तुरुंगातला सोबती रेड. पडद्यावर नावं सुरू झाली तरी कुणी रिमोटला हात लावला नाही.

पुढे काही महिन्यांनी मुंबईत, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर, स्टीफन किंगचं 'डिफरन्ट सीझन्स' हाती लागलं. १९८२ सालचं हे पुस्तक म्हणजे चार दीर्घकथा, प्रत्येकीला एकेक ऋतू वाटून दिलेला. त्यांतली 'द बॉडी' १९८६ मध्ये रॉब रायनरने 'स्टँड बाय मी' या नावाने पडद्यावर आणली. पण मला हवी होती ती पहिली, वसंताची कथा: 'रीटा हेवर्थ अँड शॉशँक रिडेम्प्शन'. लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचत गेलो आणि शेवटच्या पानावर अडखळलो. समुद्र नव्हताच. रेड अजून पोर्टलंडच्या हॉटेलात बसून लिहीत होता. बस पकडायची होती, सीमा ओलांडायची होती, अँडी भेटेल अशी आशा तेवढी होती. तिथेच कथा थांबली. पान फाटलंय की काय म्हणून मी शिवण तपासली.

त्या दिवशी मला फसवल्यासारखं वाटलं. मग दोन्ही कृती शेजारी ठेवून पाहायचा छंदच लागला. पुस्तकातला रेड लाल केसांचा आयरिश वंशाचा माणूस आहे. चित्रपटात ती भूमिका मॉर्गन फ्रीमनकडे गेली. पुस्तकात तुरुंगाधिकारी बदलत राहतात. दिग्दर्शक फ्रँक डॅराबाँटने त्यांचा मिळून एकच नॉर्टन केला, म्हणजे अँडीसमोर एक चेहरा उभा राहिला. पुस्तकातल्या टॉमी नावाच्या कैद्याला दुसऱ्या तुरुंगात हलवतात, चित्रपटातला गोळी खाऊन मरतो. म्हातारा कैदी-ग्रंथपाल ब्रुक्स पुस्तकात ओझरता येतो. पडद्यावर तो सुटतो, बाहेरच्या जगाला बिचकतो आणि जीव देतो. कैद्यांना लाउडस्पीकरवरून मोझार्ट ऐकवणारा प्रसंग तर किंगने लिहिलेलाच नाही. तरी तो पाहताना वाटतं, हे अँडीच करणार.

एवढे बदल करू देणारा लेखकही दिलदार होता. चित्रपट शिकणाऱ्या मुलांना किंग आपल्या लघुकथांचे हक्क एका डॉलरला देत असे. डॅराबाँटने 'द वुमन इन द रूम' हा लघुपट तसाच केला. शॉशँकसाठी त्याने पाच हजार डॉलरचा चेक पाठवला. किंगने तो कधी वटवलाच नाही. पुढे फ्रेम करून डॅराबाँटलाच परत केला.

१९९४ मध्ये चित्रपट लागला आणि पडला. अडीच कोटी डॉलर खर्चून केलेल्या चित्रपटाने पहिल्या खेपेस जेमतेम एक कोटी साठ लाख मिळवले. ऑस्करची सात नामांकनं झाली, पुरस्कार एकही नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'फॉरेस्ट गम्प', तोही विन्स्टन ग्रूमच्या १९८६ सालच्या कादंबरीवरचा. मग व्हिडिओ कॅसेटी भाड्याने जाऊ लागल्या, १९९७ पासून अमेरिकेतल्या एका केबल वाहिनीने तो पुन्हा पुन्हा दाखवला, आणि लोकांनी घरबसल्या शॉशँकला आपलं केलं. आमच्या हॉस्टेलच्या दारापर्यंत तो असाच टीव्हीवरून पोचला.

गेल्या वर्षी ताईकडे कोलंबसला गेलो तेव्हा एकच हट्ट धरला: मॅन्सफील्डला जायचं. कोलंबस आणि क्लीव्हलंड यांच्या साधारण मध्यावर ओहायो स्टेट रिफॉर्मेटरी आहे. १८९६ मध्ये सुरू झालेला, १९९० मध्ये बंद पडलेला हा तुरुंग चित्रपटात शॉशँक झाला. बाहेरून एखादा गढीवजा राजवाडा. आत पोलादी कोठड्यांचे सहा मजले, एकावर एक. रंगाचे पोपडे हाताला लागतात, आणि आपण आपोआप हळू बोलू लागतो.

इथे कळलं की पडद्यावर एकमेकींकडे तोंड करून असलेल्या कोठड्या या नव्हेतच. खऱ्या कोठड्या बाहेरच्या खिडक्यांकडे पाहतात. कैद्यांना एकमेकांचे चेहरे दिसावेत म्हणून एका रिकाम्या कारखान्यात वेगळा सेट उभारला होता. ज्या झाडाखाली अँडीने रेडसाठी पत्र पुरलं, तो ओक जवळच होता. २०११ मध्ये वीज पडून दुभंगला, २०१६ मध्ये उरलेलाही कोसळला. आणि शेवटी दिसणारा तो मेक्सिकोचा किनारा? कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावरचा.

त्या किनाऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट कळल्यापासून माझा किंगवरचा राग निवळला होता. डॅराबाँटलाही मुळात रेडला बसमध्येच सोडायचं होतं, पुस्तकासारखंच भेटीच्या आधी. दोघांची भेट दाखवा, असा आग्रह धरला तो कॅसल रॉक या निर्मिती संस्थेने. इतकी वर्षं तुरुंगात काढलेली ही दोन माणसं भेटलेली त्यांना डोळ्यांनी पाहायची होती. लोकलमध्ये मलाही तेच हवं होतं.

परत निघताना पार्किंगमध्ये मी पिशवीतून फुटपाथवरची ती जुनी प्रत काढली. ताईने फक्त चित्रपट पाहिलेला. गाडी सुरू करण्याआधी तिला शेवटची दोन पानं मराठीत सांगत सांगत वाचून दाखवली. ती स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होती. मी थांबलो.

"पुढे वाच ना," ती म्हणाली.

मी पान उलटून तिच्यासमोर धरलं. तिथे दुसरी कथा सुरू होत होती, उन्हाळ्याची.