कासारवाडीत बर्फाची तालीम

कासारवाडीत बर्फ कुठला! एका अंगाला लोकलचे रूळ, दुसऱ्या अंगाला महामार्ग आणि २०२२पासून धावणारी मेट्रो. तरी गेले दोन रविवार आमची बर्फाची तालीम इथल्याच गल्लीत चालली आहे. भाची काश्मीरला, सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघाली आहे. सोबत आम्ही. 'पोरगी दिसली पाहिजे,' एवढीच ताईची ताकीद.

आजवर लग्नकार्ये मोबाईलवर भागली. पण उतारावरून सुसाट येणारे माणूस मोबाईलमध्ये ठिपक्याएवढे दिसते, आणि थंडीत बॅटरीही लवकर मान टाकते. दुकानदाराने हेल्मेटवर बसणारा अ‍ॅक्शन कॅमेरा पुढे केला. वस्तू झकास, पण त्यात उतार दिसेल, पोरगी कुठे दिसणार? शेवटी ओव्हरटाइमच्या पैशांतून, भिंगानेच दूरचे जवळ आणणारा वापरलेला हॅण्डीकॅम घेतला.

गल्लीतल्या सायकलवाल्या पोरांवर तो रोखला, तर झूम करताच चित्र थरथरले. उरलेले पैसे स्टँडवर गेले! वाळत घातलेली पांढरी चादर भर उन्हात राखाडी आली. समोर पांढरेच पांढरे असले की कॅमेरा फसतो आणि चित्र काळवंडवतो. बर्फात तेच होणार, म्हणून एक्स्पोजर वाढवायला शिकलो. जादा बॅटरी अंगाशी, आतल्या खिशात ठेवायची.

पहिल्या फेरीत नुसते चाक आले. चौथ्या फेरीत पोराचा हसरा चेहरा चौकटीत टिकला. ताईने तो तीनदा पाहिला आणि भाचीच्या बॅगेत आणखी एक स्वेटर भरला.