वरसईच्या भटाने पाहिलेला परमुलूख

‘माझा प्रवास’ हे पुस्तक सत्तावनच्या बंडाची हकीकत म्हणून वाचले जाते आणि अभ्यासक्रमातही ते त्याच वाटेने येते. पण विष्णुभट गोडसे घरून निघाले ते बंड पाहण्यासाठी नव्हे. पेण तालुक्यातील वरसईचा हा कर्जाने गांजलेला भिक्षुक, बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत असे ऐकून, दक्षिणेच्या आशेने १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. कोकणातील भटाला तो मुलूख परकाच होता. त्या काळच्या बोलीत ‘हिंदुस्थान’ म्हणजे नर्मदेपलीकडचा प्रदेश, त्यात वरसई येत नसे. तिथल्या चालीरीती आणि लढाया यांच्याबरोबरच स्त्रीपुरुषांच्या वागण्याविषयी जे कानी आले, तेही त्यांनी पुढे लिहून ठेवले. मला या पुस्तकात आज सर्वांत अधिक रस वाटतो तो या भागात.

पेणहून रोह्याला मी मराठी शिकवायला जातो. पाऊण तासाच्या त्या प्रवासात हे पुस्तक अनेकदा चाळून झाले आहे. वर्गात मी त्यातील दोन वर्णने एकापाठोपाठ ठेवतो. पहिले झाशीच्या राणीचे. ती दरबारात कधी पायजमा, अंगरखा, डोक्यास टोपी आणि कमरेस तलवार अशा पुरुषी वेषात येई, तर कधी साध्या पांढऱ्या लुगड्यात. दुसरे तिच्या नवऱ्याचे. गंगाधरराव अधूनमधून जरीचे लुगडे नेसत, चोळी, बांगड्या, दागिने घालत, बायकांसारखे बोलत; इतकेच नव्हे, तर महिन्यातून चार दिवस बाजूला बसून चौथ्या दिवशी स्नान करीत. पहिले वर्णन वाचताना वर्ग ताठ बसतो. दुसऱ्याला हशा पिकतो. दरवर्षी हेच घडते, आणि हसण्यात मुली मागे नसतात.

राणीचा पुरुषवेष चौकाचौकांतील पुतळ्यांवर गेला. नवऱ्याचा स्त्रीवेष मात्र विक्षिप्तपणाची गोष्ट म्हणून उरला, किंवा सभ्यपणे गाळला गेला. बाईने पुरुषाचा वेष घेतला तर ती वर चढते, पुरुषाने बाईचा घेतला तर तो खाली उतरतो, हा हिशेब आपल्या मनात पक्का आहे. गोडसे सांगतात त्या गोष्टीत इंग्रज अधिकाऱ्याने विचारणा केल्यावर गंगाधररावांनी याच हिशेबाचा आधार घेतला: तुम्ही आम्हा संस्थानिकांना जिंकले, तेव्हा आम्ही बांगड्याच भरायच्या, असा त्या उत्तराचा आशय. उत्तर चतुर आहे, यात शंका नाही. पण जी गोष्ट राजाला कदाचित हौसेची होती, तिचे समर्थन त्याला पराभवाची खूण म्हणून करावे लागले. आपल्याकडे मोर्चे आजही निष्क्रिय अधिकाऱ्यांना बांगड्यांचा आहेर करतात, आणि तो नेणाऱ्या बहुधा स्त्रियाच असतात!

येथे एक सावधगिरी हवी. गंगाधरराव १८५३ मध्ये वारले. गोडसे झाशीत पोहोचले ते १८५८ मध्ये. म्हणजे राणीला त्यांनी पाहिले, राजाविषयी मात्र फक्त ऐकले. विद्वान नारायणशास्त्री आणि सफाईकाम करणाऱ्या जातीतील तरुणी यांच्या संबंधांवरून शहरात माजलेल्या गहजबाची हकीकतही अशीच ऐकीव. तेव्हा या मजकुराला राजाच्या चरित्राचा पुरावा मानण्यापेक्षा झाशीचे लोक आपल्या राजाविषयी काय बोलत होते, याचा पुरावा मानावे. आणि ते बोलणे वरसईच्या एका कर्मठ माणसाने कोणत्या शब्दांत टिपले, याचाही. ‘बाजूला बसणे’ त्याला परके नव्हते. ते त्याच्या स्वतःच्या घरातले होते. परमुलखातील सर्वांत विचित्र गोष्ट सांगण्यासाठी त्याला शब्द सापडले ते घरच्या ओसरीवरचे.

चिंतामण विनायक वैद्यांनी हे पुस्तक १९०७ साली संस्कार करून छापले. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९०५ मध्ये, मिरजेला बालगंधर्व शकुंतला म्हणून रंगभूमीवर उभे राहिले होते, आणि पुढे घरंदाज बायका त्यांच्यासारखी लुगडी नेसू लागल्या. तिकीट काढून पाहिलेला स्त्रीवेष या समाजाने डोक्यावर घेतला होता. (ज्या तालुक्याने वरसईचे गोडसे दिले त्यानेच गागोद्याचे विनोबा दिले, हे मला नेहमी गमतीचे वाटते, त्यांचे ब्रह्मचर्य मात्र परीक्षेत हमखास येते.) मूळ हस्तलिखितानुसारची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. विद्यार्थ्यांनी शक्यतो तीच वाचावी.

गेल्या वर्षी न हसलेला एक मुलगा तास संपल्यावर त्या पानाची झेरॉक्स मागायला आला. मी ती दिली, कारण विचारले नाही. नंतर त्याने एवढेच विचारले, की अशा राजाला आज काय म्हणतील? २०१४ आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर आपल्याजवळ शब्द पुष्कळ आहेत, आणि त्या मुलाला त्यांतला एखादा उपयोगीही पडेल. झाशीच्या गच्चीवरल्या माणसाला तो चिकटवायला मी धजत नाही. गोडसे त्याला नाव देत नाहीत. तो काय नेसे, काय घाले, किती दिवस बाजूला बसे, एवढे सांगून ते पुढच्या हकिकतीकडे वळतात.