राजे अजून वाटेत आहेत

27 डिसेंबरच्या सकाळी वसईतल्या आमच्या अंगणात भाड्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. टेम्पोवाला त्या न्यायला येणार होता. फ्रीजमध्ये केकचा शेवटचा तुकडा होता, डब्याच्या तळाशी करंज्यांचा चुरा. चोवीसच्या रात्री टाकलेली इन्स्टाची स्टोरी कधीच गायब झाली होती. ऑफिसात वर्षअखेरीचा कोड फ्रीझ, त्यामुळे मला काम नव्हतं. म्हटलं, गोठा आवरून टाकू.

गोठा म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. यंदा तो मी केला होता. भाताचा खरा पेंढा, एलईडीच्या माळा, अंधार पडला की आपोआप पेटणारा तारा. फोटोत सगळे यावेत म्हणून मेंढपाळांसोबत तिन्ही राजेही मी चोवीसलाच आत उभे केले होते.

खोकं घेऊन बसलो, तेवढ्यात आजी आली.

"काय करतोस रे?"

"आवरतोय. झाला ना नाताळ."

"कुठे झाला? राजे अजून वाटेत आहेत."

तिने तिन्ही राजे उचलले आणि शोकेसच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवले. "रोज थोडे पुढे सरकवायचे. त्यांच्या सणाला पोचतील."

तिचं बरोबर होतं. चर्चच्या कॅलेंडरमध्ये नाताळ 25 ला सुरू होतो. राजांचा सण 6 जानेवारीचा, आपल्याकडे तो जवळच्या रविवारी येतो. आणि मधले दिवस अजिबात गोडगोड नाहीत. 26 ला संत स्तेफन, दगडांनी ठेचून मारलेला पहिला हुतात्मा. 28 ला हेरोद राजाने मारलेली बेथलेहेमची लहान मुलं. फटाके आणि डीजे आटोपले की कॅलेंडर आपल्याला हे दाखवतं. तोवर आपण आवराआवर करत असतो.

28 ला आजीला स्कूटरवर बसवून सकाळच्या मिस्साला नेलं. चोवीसच्या रात्री मंडपाबाहेरपर्यंत माणसं उभी होती. आज पुढचे चार-पाच बाक भरले होते, तेही आजीच्या वयाच्या लोकांनी. मत्तयच्या शुभवर्तमानातला उतारा वाचला गेला. योसेफ रातोरात बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन परक्या देशात, इजिप्तला पळतो. हा उतारा मी आधीही ऐकला असणार. या वेळी मात्र ऐकताना एक माणूस डोळ्यांसमोर आला आणि जाईना.

नाताळच्या चार दिवस आधी मी शिडीवर चढून ओटीवर तारा बांधत होतो. आमच्या गल्लीत टाइल्स बसवण्याचं काम करणारा एक माणूस फाटकाशी आला. मागे बायको उभी, तिच्या कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं महिन्याभराचं बाळ. आमची मागची खोली रिकामी आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आहे ती खोली महिनाअखेर सोडायची होती. फुकट मागत नव्हता, भाडं देणार होता.

मी म्हणालो, "सणाला पाहुणे येणार आहेत. नंतर बघू."

हे मी शिडीवरूनच म्हणालो. खाली उतरलोही नाही.

पाहुणे आले, जेवले आणि संध्याकाळच्या लोकलने गेले. त्या खोलीत एकही माणूस झोपला नाही. तिथे फक्त गोठ्याचं रिकामं खोकं होतं.

1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने खरी गव्हाण, खरा बैल आणि गाढव आणून नाताळची मिस्सा घडवून आणली. गोठा मांडायची प्रथा त्याच्यामुळे पसरली. जन्मतःच त्या बाळाच्या वाट्याला काय हाल आले, ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी मात्र आठवडाभर तारा कुठल्या अँगलने चांगला दिसेल ते बघत होतो.

मिस्सा झाल्यावर आजीला घरी सोडून मी गल्लीतल्या त्या बांधकामावर गेलो. त्याचं काम संपलं होतं. मुकादमाने नंबर दिला.

"हां भैया, रूम मिल गया. नालासोपारा में." मागे बाळ रडत होतं. "भाडा थोडा ज्यादा है, पर मिल गया. आप बोलिए, कुछ काम था?"

माफी मागायची म्हणून फोन केला होता. तोंडातून निघालं, "नहीं, बस ऐसे ही." तो म्हणाला, "ठीक है भैया, हॅपी न्यू इयर."

घरी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला विचारायचंस तरी." त्याला कामाच्या जागेपासून आता रोज ट्रेन पकडायला लागत असेल, हे तिने म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं.

दुपारी मी मागची खोली झाडली. खोकं माळ्यावर टाकलं. बल्ब चालत नव्हता, तो बदलला. मुकादमाला सांगून ठेवलंय, कुणाला खोली लागली तर आमच्याकडे पाठव म्हणून. अजून कुणी आलेलं नाही.

गोठा तसाच आहे. एलईडीच्या माळा मी काढून ठेवल्या. आज सकाळी आजीने राजांना पुन्हा पुढे सरकवलं. आता ते टीव्हीपर्यंत आलेत.