लोहाचा रोजमेळ

उर्से हे नाव बहुतेकांस द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यामुळे ठाऊक असते. त्या परिसरात एका जैन कुटुंबाचे लोखंडी सामानाचे दुकान आहे. तेथे सळया, पत्रे, खिळे यांचा हिशेब टनांत आणि किलोंत चालतो. गतवर्षी पर्युषणापूर्वी मात्र त्याच घरात काही मिलिग्रॅम लोहाचा प्रश्न उभा राहिला.

धाकट्या सूनबाईंचा अठ्ठाईचा संकल्प होता. जिना चढताना त्यांना धाप लागे, दुपारनंतर डोके जड होई. घरकामाचा शीण, असे सारेच समजत. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ८.४ भरले, स्त्रियांत ते किमान १२ असावे. डॉक्टरांनी अठ्ठाईस मनाई केली. सासरे दुखावले. “आमच्या घरी खाण्यापिण्यास काय कमी आहे?” डॉक्टर म्हणाले, “शेठजी, माल दारात आला म्हणजे वहीत जमा झाला असे नव्हे.”

हे वाक्य मात्र व्यापाऱ्यास नेमके कळले.

प्रौढ शरीरात सारे मिळून लोह ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे एखाद्या लहान खिळ्याइतके. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेला असतो. नवे रक्त घडविण्यास अस्थिमज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते; अन्नातून मात्र जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम शोषले जाते. उरलेले येते भंगारातून. सुमारे १२० दिवसांनी जीर्ण झालेल्या तांबड्या पेशी प्लीहा व यकृतात मोडल्या जातात आणि त्यांतील लोह पुन्हा कामी येते. जुने वितळवून नवी सळई ओतावी, तसे.

हे लोह रक्तातून वाहून नेणारे प्रथिन म्हणजे ट्रान्सफेरिन. त्याच्या एका खेपेत लोहाचे दोनच अणू मावतात. शिल्लक साठविणारे गोदाम म्हणजे फेरिटिन, मुख्यतः यकृतातले. तुटीच्या काळात आधी गोदाम रिते होते, हिमोग्लोबिन त्यानंतर उतरते. म्हणून दुकान भरलेले दिसत असतानाच दिवाळे जवळ आलेले असू शकते.

जास्तीचे लोह बाहेर टाकण्याचा मार्ग शरीरापाशी नाही. म्हणून सारा बंदोबस्त प्रवेशद्वारी. लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात हा नाका आहे आणि यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक त्याचा अडसर. साठा पुरेसा असला किंवा शरीरात दाह असला की हेप्सिडिन वाढते आणि वाट अडते; साठा घटला की ते ओसरते आणि वाट मोकळी होते. लोहाच्या गोळीनंतरही ते सुमारे एक दिवस चढलेले राहते. म्हणून काही रुग्णांना डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. आपल्या मनाने गोळ्या घेत राहणे मात्र घातक. साचलेले लोह यकृताला आणि हृदयाला इजा करते.

शाकाहारातील लोह मुळातच कमी शोषले जाते. धान्य-कडधान्यांतील फायटेट त्याला धरून ठेवते, चहातील टॅनिन अडविते. लिंबू-आवळ्यातील क जीवनसत्त्व त्याची वाट सुकर करते. येथेच घरची चूक सापडली. चौविहारामुळे सायंकाळचे जेवण लवकर, आणि पाचचा चहा त्याला अगदी लागून. चहा दुपारी तीनवर गेला. भिजवलेली मटकी, हरभरे, हळीव, तीळ ताटात आले आणि त्यांच्याबरोबर लिंबाची फोड. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, म्हणून लोह कमी पडते, ही सासूबाईंची समजूतही गळाली. पालकातील लोह अंगी फारच थोडे लागते, कडधान्यांचा आधार मोठा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. मासिक पाळी आणि बाळंतपण यांत होणारा खर्च कोणत्याच घराच्या रोजमेळात लिहिलेला नसतो.

त्या पर्युषणात सूनबाईंनी सामायिक आणि स्वाध्याय केला. उपवास केला नाही. माघापर्यंत हिमोग्लोबिन १२ वर गेले. यंदा अठ्ठाईचा विषय निघाला, तेव्हा सासऱ्यांनीच सांगितले, “आधी रक्त तपासून घेऊ, मग डॉक्टर म्हणतील तसे.” आणि त्या दिवशी तपासणीस सूनबाईंबरोबर सासूबाईही गेल्या.